ग्रीनिच व्हिलेज : बोहेमियनांचे बंड आणि काळ्यांचा विद्रोह

'बोहेमियन' हा शब्द आपल्या समीक्षेत फार सैलपणे वापरला जातो. ज्याने नोकरी सोडली, दाढी वाढवली, इराण्याच्या हॉटेलात एका चहावर दुपार काढली आणि घरच्यांना न मानवणारी कविता लिहिली, तो बोहेमियन. लघुअनियतकालिकांच्या चळवळीतील पांढरपेशा तरुणांना हे विशेषण लावले गेले तेव्हा त्यात कौतुक होते. तेच विशेषण दलित कवीला लावले जाते तेव्हा मात्र काहीतरी गफलत होते. सोडण्यासारखी नोकरी त्याच्यापाशी नसते आणि ज्याच्याविरुद्ध बंड करावे असे भरले घरही नसते.

या शब्दाचीच जात आधी तपासली पाहिजे. फ्रान्समध्ये रोमा भटक्यांना बोहेमियन म्हणत, कारण ही माणसे बोहेमिया प्रांतातून आली असा तिथल्या लोकांचा समज होता. भाषाशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले की रोमांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे, म्हणजे हे लोक मुळात आपल्याच भूमीतून गेलेले. गावोगाव हाकलले जाणारे, चोर समजून पकडले जाणारे. पॅरिसमधल्या गरीब पण घरंदाज कलावंतांनी त्यांचे नाव उचलले. आंरी म्युर्जे याच्या कथांचे पुस्तक १८५१ साली निघाले आणि बोहेमियन म्हणजे पोटमाळ्यावर राहणारा, उपाशी पण आनंदी कलावंत, असा अर्थ जगभर रूढ झाला. नाव घेतले, पालं घेतली नाहीत. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'तला मुलगा आणि मुंबईतला 'भटका' कवी यांच्यात जे अंतर आहे, ते या शब्दाच्या जन्मापासूनचे आहे.

अमेरिकेत हा शब्द ज्या वस्तीला कायमचा चिकटला ती न्यूयॉर्कमधली ग्रीनिच व्हिलेज. दलित साहित्याच्या वाचकाला या वस्तीशी काय देणे-घेणे, असे कोणी विचारील. देणे-घेणे आहे. काळ्यांच्या साहित्याशी आपण नाते सांगत आलो, डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते साहित्य त्या काळच्या भाषेत 'निग्रो साहित्य' म्हणून मराठीत ओळखीचे केले. १९७२ साली दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन, लेरॉय जोन्स ही नावे आपल्याला परकी नाहीत. पण ही सगळी माणसे आपण हार्लेमच्या खात्यात जमा करून टाकली आहेत. वस्तुतः तिघांनीही आयुष्यातली निर्णायक वर्षे व्हिलेजमध्ये आणि तिच्या आसपास काढली, आणि तिघांनीही ती सोडली. व्हिलेजने त्यांना काय दिले आणि ते तिथून का उठले, हा प्रश्न आपल्या कामाचा आहे.

आधी जमिनीची गोष्ट. मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला डच कंपनीची वसाहत होती. १६४४ साली तिथल्या गव्हर्नराने, विलेम कीफ्टने, कंपनीच्या अकरा काळ्या गुलामांना त्यांच्या बायकांसह मोकळे केले आणि वस्तीच्या उत्तरेला, वेशीबाहेर, जमिनी दिल्या. पुढच्या काही वर्षांत आणखी काळ्या कुटुंबांना तशाच जमिनी मिळाल्या. आजचा वॉशिंग्टन चौक आणि त्याचा परिसर त्यातच येतो. हे औदार्य नव्हते. कीफ्टने मूळ रहिवाशांशी युद्ध ओढवून घेतले होते आणि गोऱ्या वस्तीच्या पुढे माणसांचे कुंपण हवे होते. अटीही होत्या. दरवर्षी कंपनीला धान्य आणि एक लठ्ठ डुक्कर द्यायचे, कंपनी बोलावील तेव्हा कामाला हजर व्हायचे. आणि सर्वांत भयंकर अट ही, की या मोकळ्या झालेल्या आईबापांची जन्मलेली व जन्माला येणारी मुले कंपनीचीच गुलाम राहतील.

महारवतनाचा इतिहास माहीत असलेल्या वाचकाला यावर वेगळे भाष्य नको. जमीन दिली असे म्हणायचे, वेशीवर बसवायचे, राखण करून घ्यायची, आणि त्या तुकड्याच्या मोबदल्यात पुढच्या पिढ्या बांधून घ्यायच्या. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच जातीच्या देणगीविरुद्ध. न्यूयॉर्कमध्ये डच जाऊन इंग्रज आले. १७१२ साली गुलामांनी उठाव केला, त्यानंतरच्या कायद्याने मुक्त काळ्यांना जमीन धारण करण्याचाच हक्क नाकारला गेला. वेशीवरची माणसे ज्या रानात नांगर धरीत होती ती राने दुसऱ्यांची झाली.

वॉशिंग्टन चौकाच्या जागी १७९७ पासून १८२५ पर्यंत बेवारस मुडद्यांचे दफनस्थान होते. पिवळ्या तापाच्या साथीत मेलेले, भिकारी, ज्यांना स्वतःची कबर परवडत नाही ते सगळे तिथे पुरले जात. सुमारे वीस हजार देह त्या बागेखाली असावेत असा अंदाज आहे. याच वस्तीत, मर्सर आणि ब्लीकर रस्त्यांच्या नाक्यावर, १८२२ मध्ये विल्यम ब्राउन या काळ्या माणसाचे 'आफ्रिकन ग्रोव्ह' हे नाटकघर चालू होते आणि काळे नट तिथे शेक्सपिअरचे 'रिचर्ड तिसरा' करीत होते. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्ण रद्द व्हायला अजून पाच वर्षे होती! गोऱ्या गुंडांनी धुडगूस घातला, पोलिसांनी नटांना पकडले, आणि नाटकघर फार दिवस टिकले नाही. पुढे मिनेटा लेनच्या आसपास काळ्यांची इतकी दाट वस्ती झाली की तिला 'लिट्ल आफ्रिका' म्हणत. १८६३ च्या जुलैत सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध गोरा जमाव रस्त्यावर आला तेव्हा याच भागातल्या क्लार्कसन रस्त्यावर एका काळ्या माणसाला झाडाला टांगून खाली जाळ लावण्यात आला. त्यानंतरच्या दशकांत काळे हळूहळू उत्तरेकडे सरकत गेले. त्यांची चर्चेसही गेली. रिकाम्या झालेल्या चाळींतून इटलीहून आलेले मजूर राहू लागले.

१९१० च्या सुमारास गोरे तरुण कलावंत आले तेव्हा खोल्या स्वस्त होत्या. स्वस्त का होत्या, हे त्यांनी विचारले नाही.

या तरुणांना तुच्छ लेखण्याचा माझा हेतू नाही. 'द मासेस' या त्यांच्या मासिकाने पहिल्या महायुद्धाला विरोध केला आणि त्यापायी संपादकांवर खटले झाले. जॉन रीड तिथूनच रशियात गेला. बायकांना मतदानाचा, गर्भधारणा टाळण्याचा हक्क हवा हे बोलायची हिंमत त्या काळात याच लोकांनी दाखवली. पण त्यांच्या बंडाचा स्वभाव १९१७ सालच्या एका रात्रीत नेमका दिसतो. २३ जानेवारीला सहाजण वॉशिंग्टन चौकातल्या संगमरवरी कमानीच्या आतला जिना चढून माथ्यावर गेले. त्यांत चित्रकार जॉन स्लोन होता, मार्सेल द्युशाँ होता, आणि हा बेत जिच्या डोक्यातून निघाला ती गर्ट्रूड ड्रिक होती. कागदी कंदील, फुगे आणि दारू घेऊन त्यांनी 'स्वतंत्र आणि स्वायत्त ग्रीनिच व्हिलेज प्रजासत्ताका'ची घोषणा केली. गंमत म्हणून केली, हे खरे. पण ज्या कमानीवर उभे राहून केली तिचा पाया खणताना माणसांची हाडे निघाली होती. त्याच १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर बडोद्यात राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी वसतिगृहात उतरले होते, आणि तिथूनही लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. एकाला स्वातंत्र्य म्हणजे कमानीवर कंदील लावणे वाटते आणि दुसऱ्याला रात्री पाठ टेकायला एक खोली. 'बंड' हा एकच शब्द या दोघांसाठी वापरणे ही समीक्षेतली आळशी सवय आहे.

कॅरोलाइन वेअर या इतिहासकार बाईने १९३५ साली व्हिलेजचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच रस्त्यावर, एकाच इमारतीत राहणारे इटालियन मजूर आणि कलावंत यांची जगे एकमेकांना कशी शिवत नव्हती हे त्यात दिसते. कलावंत शेजाऱ्यांच्या दारिद्र्याकडे रंग म्हणून पाहत. शेजारी त्यांच्याकडे नादान म्हणून. वस्तीला नाव झाले, भाडी वाढली, आणि दोघेही उठले. हा खेळ पुढे जगातल्या अनेक शहरांनी पाहिला.

आता काळ्या लेखकांकडे वळू. व्हिलेजने त्यांना दारे लावली नाहीत हे प्रथम मान्य केले पाहिजे. युजीन ओ'नील याच्या 'द एम्परर जोन्स'मध्ये १९२० साली चार्ल्स गिल्पिन हा काळा नट नायक झाला. त्या आधी अशी भूमिका काळ्या नटाला कोण देत होते? परंतु गिल्पिनने नाटकातला काळ्यांना हिणवणारा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारायला नकार दिला, स्वतःच्या मनाने दुसरे शब्द घातले, तेव्हा ओ'नील भडकला. लंडनच्या प्रयोगात ती भूमिका पॉल रॉबसनकडे गेली. जमैकाचा कवी क्लॉड मकाय 'द मासेस'ची परंपरा चालवणाऱ्या 'लिबरेटर'चा संपादक होता. १९२२ साली तो मासिकाचा नाट्यसमीक्षक म्हणून एका नाटकाला गेला. पुढच्या रांगेतली जागा असताना त्याला उठवून वरच्या गॅलरीत बसवले गेले. ते नाटकघर व्हिलेजच्या बाहेरचे होते. पण मुद्दा तोच आहे. व्हिलेजमध्ये तो संपादक होता आणि व्हिलेजची हद्द संपली की पुन्हा काळा. आपल्याकडे परिसंवादात व्यासपीठावर बसणारा लेखक सभा संपवून भाड्याची खोली शोधायला निघाला की आडनाव सांगताना अडखळतो, त्याची ही जुनी आवृत्ती आहे.

१९३८ च्या डिसेंबरात शेरिडन चौकात 'कॅफे सोसायटी' हा नाचगाण्याचा क्लब निघाला. काळे-गोरे एकाच सभागृहात, एकाच ओळीत बसतील असा हार्लेमबाहेरचा हा न्यूयॉर्कमधला पहिला क्लब. तिथे १९३९ साली बिली हॉलिडेने 'स्ट्रेंज फ्रूट' गायले. झाडाला लटकवलेल्या काळ्यांवरचे ते गाणे एबल मीरोपोल या ज्यू शिक्षकाने लिहिले होते. गाणे सुरू होण्यापूर्वी वेटर थांबत, दिवे मालवले जात, आणि गाणे संपल्यावर ती पुन्हा मंचावर येत नसे. दारू प्यायला आलेल्या गोऱ्यांना तेवढी मिनिटे गप्प बसावे लागे. व्हिलेजच्या खात्यावर जे काही निखळ जमा आहे त्यात मी हे अग्रभागी मानतो. १९४७ नंतर मालकाच्या भावावर कम्युनिस्ट म्हणून गहजब झाला आणि क्लब बंद पडला.

रिचर्ड राइट १९४५ पर्यंत अमेरिकेतला सर्वांत गाजलेला काळा लेखक झाला होता. पैसा होता, कीर्ती होती. चार्ल्स रस्त्यावर त्याला घर घ्यायचे होते. पण काळ्याला कोणी घर विकणार नाही म्हणून त्याने वकिलामार्फत एक नावापुरती कंपनी उभी केली आणि त्या कंपनीच्या नावाने घर विकत घेतले. बाबुराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' हे शीर्षक १९६३ साली मराठी साहित्याला दिले. कलावंतांच्या नंदनवनात जगप्रसिद्ध लेखकाने केले ते हेच. बायको गोरी, मुलगी लहान. रस्त्यावरच्या नजरा आणि शेजाऱ्यांची धुसफूस सोसून दोन वर्षांत तो पॅरिसला कायमचा निघून गेला.

त्याच्यामागून बाल्डविन गेला. हार्लेममध्ये १९२४ साली जन्मलेला, सावत्र बाप उपदेशक, घरात नऊ मुले. सोळाव्या वर्षी तो ग्रीन रस्त्यावर ब्यूफर्ड डिलेनी या काळ्या चित्रकाराच्या दारात उभा राहिला. काळा माणूस चित्रकार होऊ शकतो, निव्वळ त्यावर जगू शकतो, हे त्याने तिथे प्रथम डोळ्यांनी पाहिले. पुढे तो मॅक्डुगल रस्त्यावर एका त्रिनिदादी बाईच्या खाणावळीत वेटर झाला. बापाच्या धर्मापासून दूर, पुरुषावरही प्रेम करू शकणारा हा तरुण हार्लेममध्ये घुसमटला असता. त्याला व्हिलेज ही चैन नव्हती. श्वास घ्यायची जागा होती. हे आपण नोंदवले पाहिजे, कारण स्वतःच्या वस्तीतही माणूस गुदमरू शकतो ही गोष्ट चळवळीच्या साहित्यात फारशी बोलली जात नाही. पण गोऱ्या टोळक्यांची आणि पोलिसांची भीती त्या जागेतही होतीच. १९४८ साली खिशात चाळीस डॉलर घेऊन त्याने देश सोडला.

त्याची 'अनदर कंट्री' ही कादंबरी १९६२ ची. रुफस हा काळा ढोलकवादक व्हिलेजमध्ये गोऱ्या मित्रांत वावरतो. दक्षिणेतून आलेली लिओना ही गोरी बाई त्याच्या आयुष्यात येते, आणि तिच्या प्रेमावर त्याचा विश्वास बसत नाही. बाहेर मिळालेला अपमान तो घरी तिच्या अंगावर काढतो. ती वेडी होते, तो पुलावरून नदीत उडी घेतो. हे सारे कादंबरीच्या पहिल्याच भागात संपते. उरलेल्या शेकडो पानांत त्याचे मित्र आपापले अपराधीपण कुरवाळत राहतात. रुफस गेल्यावर कादंबरी सैल पडते. तरीही तिथे आयडा आहे, रुफसची बहीण. तिचा गोरा प्रियकर व्हिवाल्डो सांगत राहतो, माझे तुझ्या भावावर प्रेम होते. आयडाचे म्हणणे असे, की प्रेम होते पण तुम्हाला काही माहीत करून घ्यायचे नव्हते. व्हिलेजवरचा इतका नेमका आरोप मी दुसरीकडे वाचलेला नाही. रंग पाहत नाही असे म्हणणारा मित्र मित्राच्या कातडीवर काय गुदरते तेही पाहत नाही. 'आम्ही जात मानत नाही' या वाक्याची चव आपल्याला नवी नाही.

माहीत करून न घेता हवे तेवढे उचलण्याचा दुसरा प्रकार नॉर्मन मेलरच्या 'द व्हाइट निग्रो' या १९५७ च्या निबंधात आहे. मेलर हा 'व्हिलेज व्हॉइस'च्या संस्थापकांपैकी एक. त्याचा सिद्धांत थोडक्यात असा : काळा माणूस सतत धोक्यात जगतो, म्हणून तो क्षणात जगतो, शरीराने जगतो, बंडखोर गोऱ्या तरुणाने ते जगणे अंगीकारावे. म्हणजे काळ्याच्या मरणाची टांगती तलवार गोऱ्याला झिंग म्हणून हवी! बाल्डविनने १९६१ साली लेख लिहून याला उत्तर दिले. मित्राला लिहावे तसे लिहिले, पण सोडले नाही. 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती आणि ती त्या कवितेला लायक होती. पण त्यानंतर जे वाचक त्या कवितेकडे रात्रीच्या मुंबईची सफर म्हणून वळले, ते सगळे मेलरचे भाऊबंद. ढसाळ ढोर चाळीत वाढले होते. ते अनुभव गोळा करायला गोलपिठ्यात गेलेले नव्हते.

या सगळ्यांत व्हिलेजचा हिशेब सर्वांत कठोरपणे मांडला तो लोरेन हॅन्सबेरीने, आणि आपल्याकडे तीच सर्वांत कमी वाचली गेली. 'अ रेझिन इन द सन' हे १९५९ सालचे तिचे नाटक गाजले. ते तिने व्हिलेजमधल्या ब्लीकर रस्त्यावरच्या घरात लिहिले. पण १९६४ चे 'द साइन इन सिडनी ब्रुस्टीन्स विंडो' खुद्द व्हिलेजवरच आहे. पात्रे जवळजवळ सगळी गोरी. काळ्या बाईने गोऱ्यांवर नाटक का लिहावे, असा सूर तेव्हा निघाला. दलित लेखकाने आपल्या वेदनेपुरतेच लिहावे असे म्हणणारे आपल्याकडेही आहेत. नोकर मालकाच्या घरातले सगळे पाहतो. मालक नोकराच्या घरात कधी डोकावलेला नसतो. मालकावर लिहायला जास्त लायक कोण?

सिडनी हा ज्यू बुद्धिवादी, धंद्यात फसलेला, एक वर्तमानपत्र विकत घेतलेला. निवडणुकीत सुधारक म्हणून उभ्या असलेल्या मित्राच्या प्रचाराची पाटी तो खिडकीत लावतो. मित्र निवडून येतो आणि उघडकीस येते की तो वस्तीत अफू-गर्द विकणाऱ्यांच्याच खिशात आहे. पण नाटकाचा गाभा दुसरीकडे आहे. सिडनीची मेहुणी ग्लोरिया शरीर विकून जगते. त्याचा काळा मित्र ऑल्टन तिच्याशी लग्न करणार असतो. तिचा धंदा कळल्यावर तो सिडनीला आपल्या घरची हकीगत सांगतो. बाप रेल्वेत हमाल, आई गोऱ्यांच्या घरी कामाला. आई संध्याकाळी मालकिणीने दिलेले उरलेसुरले घेऊन यायची. खाल्लेल्या मांसाचा तुकडा, मोडकी वस्तू. एके दिवशी बापाने ते सारे उधळून दिले. गोऱ्यांचे उष्टे आता या घरात नको. आणि ऑल्टन म्हणतो, तसेच ही बाई मला नको.

'उष्टे' हा शब्द ज्याच्या घरात हंडीतून आणि पदरातून येत होता, त्याला हा प्रसंग वाचताना आत काहीतरी हलल्यावाचून राहणार नाही. बलुत्याची भाकर, लग्नाच्या पंगतीनंतर उचललेल्या पत्रावळी. ऑल्टनचा बाप आपल्या ओळखीचा आहे आणि त्याचा झटका आपला विद्रोह आहे. हॅन्सबेरी मात्र इथे थांबत नाही. बापाने नाकारले ते अन्न होते. मुलगा नाकारतो ती बाई आहे. ग्लोरियाने आपले सगळे आयुष्य मागे टाकून त्याच्याकडे यायचे ठरवले होते, आणि त्याच्या स्वाभिमानाच्या भाषेत ती उष्टी वस्तू ठरते. ती सिडनीच्याच घरात जीव देते. स्वाभिमानाची भाषा आणि स्त्रीला वस्तू मानणारी भाषा एकाच तोंडातून कशी निघते हे दाखवायला जी हिंमत लागते ती हॅन्सबेरीपाशी होती. कर्करोगाने पोखरलेल्या अवस्थेत तिने हे काम पुरे केले. नाटक चालू राहावे म्हणून कलावंतांनी पदरचे पैसे घातले. १०१ प्रयोग झाले आणि १२ जानेवारी १९६५ ला, चौतिसाव्या वर्षी, ती गेली. नाटक तेव्हाच थांबले.

महिनाभराने, २१ फेब्रुवारीला, माल्कम एक्सचा खून झाला आणि लेरॉय जोन्सने व्हिलेजचे जग सोडले. १९५७ साली तो इथे आला होता. हेटी कोहेन या ज्यू मुलीशी लग्न करून दोघांनी 'युगेन' हे लघुनियतकालिक घरातून चालवले, गिन्सबर्ग-केरुआक छापले. १९६० मध्ये तो क्यूबाला गेला तेव्हा लॅटिन अमेरिकेच्या कवींनी त्याला विचारले, तुझ्या देशात हे चालले असताना तू नुसता आत्मा काय तपासत बसला आहेस? परतलेला जोन्स वेगळा होता. व्हिलेजच्याच चेरी लेन नाट्यगृहात १९६४ साली त्याचे 'डचमन' झाले. भुयारी रेल्वेत ल्यूला ही गोरी, मोकळीढाकळी, बोहेमियन बाई सूटबूट घातलेल्या क्ले या काळ्या तरुणाला खेळवते, डिवचते, आणि तो एकदाचा खरे बोलला की सुरी खुपसते. काळ्यांचे गाणे तुम्हाला आवडते, पण ते गाणे ज्या संतापाला झाकते तो तुम्हाला सोसणार नाही, असे क्लेच्या बोलण्याचे सार आहे. व्हिलेजच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि पारितोषिक दिले. स्वतःवरचा आरोपही सुंदर कलाकृती म्हणून पचवण्याची प्रस्थापितांची ताकद मोठी असते!

जोन्स हार्लेमला गेला, काळ्यांसाठी नाट्यशाळा काढली, पुढे अमीरी बराका झाला. तो गेला हे योग्यच झाले असे मी मानतो. त्यातूनच 'ब्लॅक आर्ट्स' चळवळ उभी राहिली आणि तिचा आवाज आपल्यापर्यंत आला. परंतु तो दोन लहान मुली आणि हेटीला मागे ठेवून गेला, आणि त्या काळात ज्यूंविरुद्ध जे लिहिले ते त्यालाच पुढे १९८० साली जाहीरपणे नाकारावे लागले. हेटीने १९९० मध्ये आत्मकथन लिहिले. आपल्या मर्द विद्रोहींनी ते 'सिडनी ब्रुस्टीन'च्या शेजारी ठेवून वाचावे. ऑल्टनने ग्लोरियाला जे केले ते हॅन्सबेरीने महिन्यांपूर्वी रंगभूमीवर लिहून ठेवले होते, हे विसरता येत नाही.

आपल्याकडे पाहिले तर एक विसंगती लगेच दिसते. काळा घोडा, तिथली हॉटेले, तिथले कवी यांच्यावर प्रेमाने लिहिले जाते आणि लिहिलेही जावे; अरुण कोलटकरांच्या कवितेने तिथल्या फुटपाथवरच्या माणसांना माणूस म्हणून पाहिले, मेलरसारखे नाही. पण लेखक-कलावंतांची वस्ती म्हटल्यावर माटुंगा लेबर कॅम्पचे नाव कोणाच्या ओठावर येते? तिथे अण्णा भाऊ साठे राहिले. तिथे बाबुराव बागूल लहानाचे मोठे झाले. अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली ज्या मुंबईत उभे राहिले ती लेबर कॅम्पची, परळ-लालबागची, गिरण्यांची मुंबई. एका झोपडपट्टीतून इतके साहित्य निघाले तर पॅरिसमध्ये तिला स्मारक झाले असते. आपण तिला फक्त 'वस्ती' म्हणतो, कारण तिथले लेखक दारिद्र्य निवडून आलेले नव्हते.

नावाचीही एक गंमत आहे. न्यूयॉर्कच्या कलावंतांना आपल्या मोहल्ल्याला 'व्हिलेज', म्हणजे गाव, म्हणायला आवडे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत गावाविषयी जे मत मांडले ते सर्वश्रुत आहे. गाव सोडून शहराकडे या, असे ते सांगत होते. आलेल्यांना शहराने लेबर कॅम्प दिला, गोलपिठा दिला.

ग्रीनिच व्हिलेज आज न्यूयॉर्कच्या सर्वांत महागड्या वस्त्यांपैकी एक आहे. मिनेटा लेनवर आता लेखक राहू शकत नाही, वेटर तर नाहीच. लेबर कॅम्पच्या शेजारची धारावी आता विकासकांच्या नकाशावर आहे. तिथे उंच इमारती उभ्या राहण्यापूर्वी अण्णा भाऊ कोणत्या ओळीत राहत होते, कलापथकाच्या तालमी कोणत्या मोकळ्या जागेत होत, बागुलांनी पहिली कथा कोणत्या दिव्याखाली लिहिली, हे ज्यांना आठवते त्यांच्याकडून उतरवून घेतले पाहिजे. नव्या अभ्यासकांपैकी कोणी हे काम अंगावर घेत असेल तर त्याने 'अनदर कंट्री' जरूर वाचावी, पण वही घेऊन आधी माटुंग्याला जावे.